एक टँकर पाणी, एक युनिट वीज

पावसाळ्यात ताम्हिणीला किंवा वरंध घाटात जाऊन आलेला पुणेकर हमखास विचारतो: डोंगरावरून एवढं पाणी कोसळतंय, तरी मुळशी-वेल्ह्याच्या वाड्यांमधले दिवे का जातात? तिथेच एखादं छोटं जलविद्युत केंद्र का उभारत नाहीत? प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. मात्र त्याचं उत्तर धबधब्याकडे बघून मिळत नाही. त्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो आणि त्याच ओढ्याकडे एप्रिलमध्ये पुन्हा जावं लागतं.

आधी हिशेब. पाण्यापासून वीज करताना दोनच गोष्टी मोजायच्या: सेकंदाला पाणी किती येतं आणि ते किती उंचीवरून खाली येतं. सेकंदाला किती घनमीटर, गुणिले किती मीटर उंची, गुणिले ९.८१, की उत्तर किलोवॅटमध्ये येतं. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी दहा मीटरवरून पडलं तर कागदावर ९८ किलोवॅट. त्यातून पाइपातलं घर्षण, टर्बाइनचा (पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाचा) आणि जनित्राचा (जनरेटरचा) तोटा वजा करायचा. मोठ्या, नीट राखलेल्या केंद्रात शंभरातले ८५ हाती लागतात. गावच्या ओढ्यावरच्या छोट्या यंत्रात ५०-६० मिळाले तरी काम चांगलं झालं म्हणायचं.

या आकड्यांचा अंदाज यायला आपला पाण्याचा टँकर सोयीचा आहे. सोसायटीच्या दारात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तेवढं सगळं पाणी ५० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण पंधरा-सोळा मजल्यांवरून, टर्बाइनवर सोडलं तर तोटे वजा जाता मिळते जेमतेम एक युनिट वीज. एक टँकर, एक युनिट. एक किलोवॅटची इस्त्री तासभर चालली की संपलं! पाणी अंगावर कोसळताना प्रचंड ताकदीचं वाटतं, पण उंची कमी असेल तर त्यात वीज फार विरळ असते. म्हणून जलविद्युत केंद्राला एकतर खूप पाणी लागतं, नाहीतर खूप उंची.

सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी सुचवतंच, की गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपात छोटं टर्बाइन बसवूया. शंभर फ्लॅटची दहा मजली इमारत घ्या. घरटी चार माणसं धरली तर माणशी १३५ लिटरच्या मापाने दिवसाला ५४ हजार लिटर पाणी लागतं. ते सगळं ३० मीटरवरून टर्बाइनमधून सोडलं तरी मिळणार तीनेक युनिट, आणि तेच पाणी वर चढवायला पंपाने त्याच्या दुपटीहून जास्त वीज आधीच खाल्लेली असते. वर नळाचा दाबही जातो. हा नाद सोडलेला बरा.

उंची असेल तर मात्र चित्र पालटतं. तोच टँकर ५०० मीटरवरून सोडला तर दहा युनिट. सह्याद्रीची पश्चिमेची कडा सरळ कोकणात उतरते आणि टाटांची जलविद्युत केंद्रं याच उंचीच्या जोरावर उभी आहेत: १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. मुळशी धरणाचं पाणी पूर्वेला पुण्याकडे न येता डोंगर पार करून भिऱ्याला उतरतं आणि पुढे कुंडलिकेला मिळतं. वीज गेली मुंबईला, गिरण्यांना. जमिनी बुडाल्या मावळ्यांच्या. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध. पुणे जिल्ह्यात पाण्यावरच्या विजेबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही. पाणी कुणाचं, जमीन कुणाची आणि दिवा कुणाच्या घरी, हे प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वीच विचारले गेले आहेत. छोट्या केंद्राकडे मी आस्थेने बघतो ते याचसाठी: जिथलं पाणी तिथेच वीज, आणि त्यासाठी कुणाचं शेत बुडवायला नको.

छोटं म्हणजे किती? आपल्याकडे २५ मेगावॅटपर्यंतचं केंद्र सरकारी व्याख्येत ‘लघु’ ठरतं. त्यातही दोन मेगावॅटपर्यंत मिनी आणि शंभर किलोवॅटपर्यंत मायक्रो. भारतातलं पहिलं जलविद्युत केंद्र असंच छोटं होतं. १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १३० किलोवॅटची यंत्रं बसली आणि दार्जिलिंगचे दिवे लागले. म्हणजे आपल्याकडे जलविद्युतेची सुरुवातच स्थानिक गरजेतून झाली, मोठी धरणं नंतर आली.

पुण्याच्या आसपास लघु केंद्रं आहेत आणि तुम्ही त्यांच्या शेजारून गेलाही असाल. पानशेतला आठ मेगावॅट, वरसगावला आठ, पवनेला दहा, भाटघरला सोळा, वीरला नऊ, डिंभ्याला पाच. ही सगळी धरणाच्या पायथ्याची वीजगृहं. त्यांचं तत्त्व मला फार शहाणपणाचं वाटतं. धरण बांधलेलं असतं सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. पाणी खाली सोडायचंच असतं. ते नुसतं मोरीतून सोडण्याऐवजी टर्बाइनमधून सोडायचं, इतकंच. पाणी खर्च होत नाही, फक्त त्याचा दाब वापरला जातो. पानशेतचं पाणी वीज करून खडकवासल्यात येतं, तिथून पुण्याच्या नळाला आणि मुठा उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांना जातं.

पावसाळ्यात बातम्यांमध्ये ‘पानशेतच्या वीजगृहातून ६०० क्युसेक विसर्ग’ असं वाक्य येतं. ते आता उलगडून बघू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. ६०० क्युसेक म्हणजे सेकंदाला सतरा हजार लिटर. पाण्याची उंची ५० मीटर धरली तर १७ गुणिले ५० गुणिले ९.८१, म्हणजे साधारण ८,३०० किलोवॅट. त्यातले १५ टक्के तोट्याचे काढले की सात मेगावॅट उरतात. धरण काठोकाठ भरलेलं असताना उंची आणखी मिळते आणि आठचा आकडा गाठता येतो. बातमीतलं ६०० आणि पाटीवरचं आठ मेगावॅट यांचा मेळ असा बसतो.

मग हे वीजगृह वर्षभर का चालत नाही? पानशेतमध्ये १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. सेकंदाला ६०० घनफूट या वेगाने ते सगळं सोडलं तर धरण साधारण २०५ दिवसांत, म्हणजे सात महिन्यांत रिकामं होईल. त्यात पाणी कधी सोडायचं हे वीजगृह ठरवत नाही. ते ठरतं शहराच्या गरजेवरून आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरलेल्या आवर्तनांवरून, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्यांवरून. दिवाळीनंतर ज्वारी-गव्हाला पाणी हवं म्हणून आवर्तन सुटलं, तर वीज होणार. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात टर्बाइन थांबणार. शिवाय धरणाची पातळी उतरली की उंचीही उतरते. मार्च-एप्रिलमध्ये तेवढंच पाणी सोडलं तरी वीज कमी मिळते, आणि एका पातळीखाली तर टर्बाइन चालवणंच योग्य नसतं. तेव्हा पाणी दुसऱ्या मार्गाने जातं. पाणी आधी, वीज नंतर. दुष्काळी तालुके खाली असताना हा क्रम असाच असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे पुराचा प्रश्न येतोच. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांमध्ये शिरलं. एवढ्या पाण्याची वीज का करू नये? कारण असं पाणी वर्षातून मोजके तास किंवा दिवस येतं. त्याच्या मापाचं टर्बाइन बसवलं तर ते उरलेलं वर्ष गंजत पडेल आणि त्याचं कर्ज मात्र बारा महिने फेडावं लागेल. यंत्र निवडताना वर्षातले बरेच दिवस हमखास मिळणारा प्रवाह बघतात, पुराचा आकडा बघत नाहीत. पूर सांडव्यावरून जाणार, तो तसाच जाऊ द्यायचा.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. धरणाशेजारी वीजगृह आहे, तरी पावसात झाड पडून तार तुटली की शेजारच्या वाडीत अंधार होतो. हे कसं? धरणाच्या पायथ्याची वीज थेट वाडीत जात नाही, ती मोठ्या वाहिनीवर चढते आणि सगळ्या राज्याच्या विजेत मिसळते. वाहिनी बंद पडली की केंद्रालाही थांबावं लागतं. तारेवर वायरमन काम करत असताना दुसऱ्या टोकाने कुणी वीज सोडली तर त्याच्या जिवावर बेतेल. शिवाय एकट्या केंद्राने एकट्या गावाला वीज द्यायची तर सेकंदासेकंदाला मागणी आणि निर्मिती जुळवत राहावं लागतं. तशी वेगळी यंत्रणा मुद्दाम बसवली नसेल, तर केंद्र शेजारी असणं आणि वीज घरात असणं यांचा संबंध उरत नाही. वाडीला स्वतःची वीज हवी असेल तर केंद्राची आखणी मुळापासून वेगळी करावी लागते.

तर आता वाडीचं केंद्र. घाटमाथ्याजवळ चाळीस घरांची वाडी आहे, वरून बारीक ओढा उतरतो, असं समजा. पहिलं काम पाणी मोजायचं. ओढ्यावर दगड-मातीचा तात्पुरता बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून काढायचं आणि त्याखाली २० लिटरचा डबा धरायचा. एका सेकंदात भरला तर सेकंदाला २० लिटर, चार सेकंद लागले तर पाच लिटर. हे जुलैत केलं तर डबा हातातून वाहून जाईल. ते ऑक्टोबरात करा, जानेवारीत करा, आणि एप्रिलमध्ये तर कराच. आपल्या सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा. घाटमाथ्यावर पाऊस बेसुमार पडतो, पण कातळ त्यातलं फार थोडं धरून ठेवतो. बहुतेक पाणी चार महिन्यांतच वाहून जातं. जुलैतला गर्जणारा धबधबा फेब्रुवारीत काळा डाग होऊन कड्यावर उरतो. बारमाही झरे आहेत, पण थोडे, आणि त्यांच्यावर आधी गावाच्या पिण्याच्या पाण्याचा हक्क आहे.

उंची मोजायला महागडं उपकरण लागत नाही. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि एक फूटपट्टी घेऊन दोघांनी टप्प्याटप्प्याने उतरत जायचं. समजा उंची ४० मीटर भरली आणि डिसेंबरपर्यंत सेकंदाला २० लिटर पाणी टिकतं. कागदावर सुमारे ७.८ किलोवॅट, हाती येतील चार-सव्वाचार. चोवीस तास चाललं तर दिवसाला शंभर युनिट. घरटी अडीच युनिट. दिवे, पंखे, टीव्ही, मोबाइल यांना हे भरपूर आहे.

आता पाइप. इथेच बरेच प्रयत्न फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. शेतकऱ्यांना चार केजीचा, सहा केजीचा पाइप म्हणजे काय ते माहीत असतं. तो आकडा दाबाचा. दर दहा मीटर उंचीला साधारण एक केजी दाब, म्हणजे ४० मीटरला चार केजी. पण चार केजीचा पाइप घेतला तर तो फुटण्याची भीती. खालचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की धावतं पाणी जागच्या जागी अडतं आणि दाबाचा दणका पाइपभर फिरतो. म्हणून सहा केजीचा घ्यायचा आणि व्हॉल्व्ह कायम सावकाश फिरवायचा. दुसरी गोष्ट जाडीची. सेकंदाला २० लिटर पाणी ११० मिलिमीटरच्या पाइपातून नेलं तर दर शंभर मीटर लांबीला जवळजवळ पाच मीटर उंची घर्षणात जाते. ओढ्यापासून यंत्रापर्यंत २०० मीटर पाइप असेल तर चाळिसातले दहा मीटर गेले, पाव वीज वाटेतच संपली! तोच पाइप १६० मिलिमीटरचा घेतला तर शंभर मीटरला एक मीटरही जात नाही. पाइपात वाचवलेले पैसे पुढे दर महिन्याला विजेत हरवतात.

पाइपाच्या तोंडाशी जाळी हवी आणि जाळीच्या आधी गाळ बसायला शांत पाण्याची टाकी. जूनच्या पहिल्या पावसात ओढा लाल होऊन येतो, सोबत पाला, काटक्या, वाळू. पाला जाळीवर बसला की पाणी अडतं आणि दिवे मंद होतात. वाळू आत गेली तर टर्बाइनची पाती घासून घासून बोथट होतात. पहिला महिना दिवसातून दोनदा कुणीतरी वर जाऊन जाळी झाडायला हवी, भर पावसात, जळवांमधून. हे काम करणाऱ्या माणसाला पगार ठरवून द्या. आळीपाळीने करू असं ठरलं की दुसऱ्याच आठवड्यात कुणी जात नाही, ही अनेक गावांची अडचण आहे.

टर्बाइनचे प्रकार उंचीवरून ठरतात. मोठी उंची आणि थोडं पाणी असेल तर पेल्टन: चाकाच्या कडेला वाट्या आणि त्यांवर पाण्याची जोरदार धार. धरणाच्या पायथ्याला मध्यम उंचीसाठी फ्रान्सिस, अगदी कमी उंचीला आणि भरपूर पाण्याला कापलान. वाडीसाठी क्रॉसफ्लो नावाचं साधं यंत्र चांगलं. ते गावच्या वर्कशॉपात वेल्डिंग करून बनवता येतं, आणि नेपाळच्या डोंगरी गावांनी त्याच्यावर कितीतरी केंद्रं चालवली आहेत. कर्नाटकच्या मलनाड या डोंगरी पट्ट्यात घरटी एक किलोवॅटच्या आसपासची यंत्रं ओढ्यांवर चालतात. शेतीचा साधा पंप उलटा चालवूनही टर्बाइनचं काम होतं. पाणी बाहेरच्या तोंडातून आत सोडायचं, पंखा उलटा फिरतो आणि त्याची मोटर कपॅसिटर लावून जनित्र होते. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. मात्र पाणी ठरल्यापेक्षा कमी झालं की हा पंप फारच लवकर ढेपाळतो.

आता रात्री साडेदहा वाजलेत, सगळ्यांनी दिवे बंद केले. पाणी तेवढंच येतंय, पण वीज घेणारं कुणी नाही. टर्बाइनवरचा भार उतरल्याने ते वेगाने फिरू लागतं, विजेचा दाब (व्होल्टेज) वाढतो आणि चालू असलेले टीव्ही-फ्रिज जळतात. मोठ्या केंद्रात टर्बाइनचा वेग राखणारा गव्हर्नर लगेच पाणी कमी करतो. वाडीत तो परवडत नाही, तिथे इलेक्ट्रॉनिक भार नियंत्रक लावतात. घरांनी न घेतलेली वीज तो त्याच क्षणी पाण्याच्या टाकीतल्या हीटरकडे वळवतो, त्यामुळे टर्बाइनला वाटतं भार तेवढाच आहे. रात्रभर टाकीत पाणी तापतं आणि पहाटे वाडीला अंघोळीला गरम पाणी मिळतं.

संध्याकाळी सात ते दहा उलट अवस्था. चार किलोवॅटमध्ये चाळीस घरं म्हणजे घरटी शंभर वॅट. एका घराने दोन किलोवॅटचा गीझर लावला तर अर्धं केंद्र त्याने घेतलं. म्हणून प्रत्येक घराला मर्यादेचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका) लावावा लागतो, आणि तो नियम सरपंचांच्या घरालाही तसाच असावा लागतो. पाच एचपीची पिठाची गिरणी एकटीच साधारण चार किलोवॅट घेते, शिवाय सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. तेव्हा तिला सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावून दुपारीच चालवायची. पण गिरणी असायला हवी. दिवसभराच्या विजेला गिऱ्हाईक मिळालं तरच जाळी झाडणाऱ्याचा पगार आणि बेअरिंगचा खर्च निघतो. नुसत्या दिव्यांवर केंद्र तगत नाही.

फेब्रुवारीत पाणी सेकंदाला पाच लिटरवर आलं की चार किलोवॅटचं एक किलोवॅट होतं, तेही यंत्र तेवढ्यावर नीट चाललं तर. एप्रिलमध्ये शून्य. म्हणून पुण्याच्या घाटमाथ्यावर ओढ्याची वीज एकटी उभी करू नये, असं मी म्हणतो. तिच्या जोडीला सौर पॅनेल हवीत. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस धुकं असतं, पॅनेल मरगळतात, तेव्हा ओढा भरात असतो. मार्च-एप्रिलमध्ये ओढा आटतो आणि ऊन रणरणतं. जूनपासून मोठी बॅटरी लागत नाही, कारण ओढा रात्रीही वाहतो. एकाच वाडीत दोघांची सांगड घातली की दोघांचे दोष झाकले जातात. देशावरच्या सपाट गावाला हा पर्याय नाही. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर यांना तो निसर्गाने दिलेला आहे.

एक काळजी मात्र घ्यायची. बांधापासून यंत्रापर्यंतच्या पट्ट्यात ओढा कोरडा पाडू नका. तिथे खेकडे असतात, मासे चढतात, गुरं पाणी पितात, बायका धुणं धुतात. बांधाला तळाशी भोक ठेवून काही पाणी कायम ओढ्यातच वाहू द्यायचं, जनरेटरला कमी पडलं तरी चालेल.

परवानग्यांचं सांगतो. ओढ्याचं पाणी सरकारच्या मालकीचं, त्यामुळे जलसंपदा विभागाकडे जावं लागतं. पाइप वनजमिनीतून जाणार असेल तर वन विभागाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा पाइपाची वाट आखतानाच सातबारा बघून घ्या. अक्षय ऊर्जेचं काम राज्यात महाऊर्जा ही सरकारी संस्था बघते, तिचं मुख्यालय पुण्यातच औंधला आहे. तिथे जाताना ग्रामसभेचा ठराव, मोजलेली उंची आणि निदान एका वर्षाची पाण्याची नोंदवही सोबत असू द्या. वहीत एप्रिलचं पान कोरं राहू देऊ नका, पाणी शून्य असेल तर शून्य लिहा.